टी वाढवला की फ्रिंजा गायब: रुबिडियमच्या अणु-इंटरफेरोमीटरमध्ये हरवलेला कॉन्ट्रास्ट कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. लेझरच्या दोन पल्समधला वेळ, म्हणजे टी, ५ मिलीसेकंद असतो तेव्हा फ्रिंजा (व्यतिकरणाचे चढउतार) सुरेख येतात आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे त्या चढउतारांची उंची, ४० टक्क्यांच्या आसपास मिळतो. टी ५० मिलीसेकंदांवर नेला की आलेखावर आडवी रेघ उरते. मग आरशांचे स्क्रू फिरवणं सुरू होतं, दोन दिवस जातात, आणि शेवटी वहीत नोंद होते: अणूंची कलासंगती (तरंगांचा ताल जुळलेला राहणं) एवढ्या वेळात संपते.

ही नोंद बहुतेक वेळा चुकीची असते. गुरुत्व मोजणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही, त्याच्या लेखी कॉन्ट्रास्ट म्हणजे सिग्नलचा जोर. तरंगफलन (अणूच्या तरंगरूपाचं गणिती वर्णन) मोजायला बसलेल्या माणसासाठी मात्र कॉन्ट्रास्ट हेच मोजमाप आहे. इंटरफेरोमीटर अणूच्या तरंगफलनाची एक प्रत सरकवून मूळ प्रतीवर ठेवतो, आणि दोन्ही किती जुळतात ते कॉन्ट्रास्टमधून कळतं. केबलमुळे, पंपामुळे किंवा टायमिंगच्या चुकीमुळे पडलेला कॉन्ट्रास्ट अणूच्या नावावर लिहिला, तर तरंगफलनच खोटं मांडलं जातं. म्हणून यंत्राचा दोष आणि अणूचा गुण आधी वेगळे करायचे. बाकीचं सगळं त्यानंतर.

कोणत्या यंत्राबद्दल बोलतोय

पुढचे आकडे रुबिडियम-८७ साठी आहेत. पद्धत कासेविच आणि चू या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये स्टॅनफर्डला सोडियमवर दाखवलेलीच: तीन रामन पल्स (दोन लेझर किरणांच्या जोडीने अणूची अवस्था बदलणारे झोत), अर्धा पाय, पाय, अर्धा पाय. अर्धा-पाय पल्स अणूला दोन अवस्थांत समान वाटतो, पाय-पल्स त्या दोन्हींची अदलाबदल करतो. प्रकाश ७८० नॅनोमीटरचा. दोन रामन किरणांच्या वारंवारतांत ६.८३४ गिगाहर्ट्झचा फरक. दोन्ही किरण एकाच फायबरमधून खाली येतात आणि तळाच्या आरशावर आपटून परत वर जातात. अणूला मिळणारा धक्का ११.८ मिलीमीटर प्रति सेकंद. परिणामी तरंगसंख्या १.६१ कोटी रेडियन प्रति मीटर. पल्स १०, २० आणि १० मायक्रोसेकंदांचे, वेग-निवड (ठरावीक वेगाचेच अणू ठेवणं) केलेली नाही, ढग २ मायक्रोकेल्विनचा. या तापमानाला एका दिशेतला वेगाचा पसारा साधारण १४ मिलीमीटर प्रति सेकंद असतो. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा लागेल.

सगळ्यात आधी सरासरी बंद करा

आडवी रेघ दिसते ती बहुधा सरासरीमुळे. प्रत्येक बिंदूवर २० शॉटची (एक शॉट म्हणजे एक पूर्ण मोजमाप) सरासरी घेत असाल आणि दर शॉटला फेज (फ्रिंजवरची जागा) वेगळी पडत असेल, तर अणू अगदी तंतोतंत व्यतिकरण करत असूनही सरासरी मध्यावरच येणार. म्हणून कच्चे शॉट काढा.

चर्प (पडत्या अणूंच्या डॉप्लर सरकावाला जुळवायला रामन किरणांच्या फरक-वारंवारतेत दर सेकंदाला केलेला बदल) स्थिर ठेवा, टी ५० मिलीसेकंद ठेवा, आणि काहीही न बदलता २०० शॉट घ्या. प्रत्येक शॉटमधलं एफ = २ मधल्या (रुबिडियमच्या दोन तळपातळ्यांपैकी वरच्या; खालची एफ = १) अणूंचं प्रमाण काढा आणि त्याचा हिस्टोग्राम मांडा. मग तसाच हिस्टोग्राम फक्त एका मायक्रोवेव्ह अर्धा-पाय पल्सनंतर मांडा. हा दुसरा हिस्टोग्राम म्हणजे तुमच्या डिटेक्शनचा गोंगाट.

पहिला हिस्टोग्राम दुसऱ्यापेक्षा बराच रुंद असेल आणि त्याच्या दोन्ही टोकांना शिंगं उगवलेली असतील, तर कॉन्ट्रास्ट जागेवर आहे, फक्त फेज विस्कटली आहे. साइन वक्रावर यादृच्छिक फेजने बिंदू टाकले की ते शिखरांपाशी आणि दऱ्यांपाशी जास्त जमतात, मध्ये कमी. शिंगं येतात ती त्यामुळे. अशा वेळी कॉन्ट्रास्ट काढायला फ्रिंज लागतच नाही. दोन्ही हिस्टोग्रामच्या प्रमाण विचलनांचे वर्ग वजा करा, वर्गमूळ घ्या, २.८३ ने गुणा. विचलन ०.१४ आलं तर कॉन्ट्रास्ट ४० टक्के. एवढ्याने निम्मी प्रकरणं मिटतात.

दोन्ही हिस्टोग्राम सारखेच अरुंद असतील तर लगेच कॉन्ट्रास्ट गेला असं म्हणू नका. आधी एक फसवी शक्यता तपासा. चर्पचा दर बदलून फ्रिंज काढताना एका पूर्ण फ्रिंजसाठी लागणारा बदल टीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५ मिलीसेकंदांना तो ४० किलोहर्ट्झ प्रति सेकंद, ५० मिलीसेकंदांना फक्त ४०० हर्ट्झ प्रति सेकंद. लहान टीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पायरी २ किलोहर्ट्झ प्रति सेकंद असेल तर ५ मिलीसेकंदांना एका फ्रिंजवर २० बिंदू पडतात. तीच पायरी ५० मिलीसेकंदांना वापरली की प्रत्येक पायरीला बरोबर पाच फ्रिंजा ओलांडल्या जातात आणि दर वेळी त्याच फेजवर येऊन बसता. रेघ अगदी सरळ, गोंगाटही कमी, आणि कॉन्ट्रास्ट शाबूत. म्हणून मोठ्या टीला चर्प फिरवूच नका. चर्प २५.१ मेगाहर्ट्झ प्रति सेकंदाच्या आसपास, मधल्या फ्रिंजवर, कायम ठेवा आणि तिसऱ्या पल्सच्या आधी डीडीएसमधून (वारंवारता आणि फेज घडवणाऱ्या डिजिटल यंत्रातून) फेज ० ते ३६० अंश सरकवा. टी कितीही असला तरी ही पायरी सारखीच राहते.

मधली फ्रिंज ओळखायची खूण: १, ३ आणि ५ मिलीसेकंदांचे स्कॅन एकावर एक ठेवले की एकच दरी तिन्हींत एकाच चर्पवर येते. ती सापडल्याशिवाय टी वाढवू नये. चर्प १०० किलोहर्ट्झ प्रति सेकंदाने चुकलेला असला तर पहिल्यापासून तिसऱ्या पल्सपर्यंतच्या १०० मिलीसेकंदांत रेझोनन्स १० किलोहर्ट्झने सरकतो. २० मायक्रोसेकंदांच्या पाय-पल्सची राबी वारंवारता (अणू दोन अवस्थांत मागेपुढे होण्याचा दर) २५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे तिसरा पल्स अर्धवटच लागतो.

फेज विस्कटली असेल तर: आरसा, जमीन, पन्नास हर्ट्झ

दोन्ही रामन किरण एकाच फायबरमधून येत असल्याने वाटेतली बरीचशी थरथर दोघांना सारखीच लागते आणि वजा होते. उरतो तळाचा परतीचा आरसा. फेज म्हणजे पहिल्या पल्सच्या क्षणीची आरशाची जागा, वजा दुसऱ्या वेळच्या जागेची दुप्पट, अधिक तिसऱ्या वेळची जागा, आणि या सगळ्याला तरंगसंख्येने गुणायचं. मधल्या पल्सच्या वेळी आरसा १९५ नॅनोमीटर हलला की पूर्ण एक फ्रिंज गेली. त्यामुळे ऑप्टिकल टेबलावरच्या इतर चाळीस आरशांवर वेळ घालवू नका. हाच एक आरसा पकडा.

यंत्र कोणत्या वारंवारतेला हळवं आहे हे टी ठरवतो. थरथरीची वारंवारता गुणिले टी पूर्णांक आला तर परिणाम शून्य, अर्ध-पूर्णांक आला तर कमाल. भारतात वीज ५० हर्ट्झची. टी ५० मिलीसेकंद घेतला की गुणाकार २.५, म्हणजे सगळ्यात वाईट जागा. आरसा ५० हर्ट्झला १० नॅनोमीटरने हलत असेल तर ०.६४ रेडियनची फेज-थरथर आयतीच मिळते. टी ४० मिलीसेकंद घ्या, गुणाकार २, आणि तीच थरथर जवळजवळ नाहीशी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचंही तसंच. चार ध्रुवांची मोटार मिनिटाला १४४० फेरे फिरते, म्हणजे २४ हर्ट्झ. ४० मिलीसेकंदांना तिचाही परिणाम कमालीच्या दोन टक्क्यांच्या आत येतो. त्यामुळे ४०, ५० आणि ६० मिलीसेकंदांचे तीन हिस्टोग्राम शेजारी ठेवायचे. ५० चा रुंद आणि ४०, ६० चे अरुंद निघाले, तर गुन्हेगार वीज. ४० चा अरुंद आणि ६० चा सर्वांत रुंद निघाला, तर मोटार. इथे पूर्णांकाला मोजायचा टी म्हणजे पल्सच्या कडांमधला रिकामा वेळ अधिक पाय-पल्सची लांबी. २० मायक्रोसेकंदांचा फरक ५० हर्ट्झला जाणवत नाही, किलोहर्ट्झला जाणवतो.

तिन्ही रुंद असतील आणि टी वाढेल तशी रुंदी वाढत असेल तर दोष जमिनीचा. ५० मिलीसेकंदांना यंत्राचा पहिला हळवा टप्पा १० हर्ट्झला येतो, आणि वरच्या मजल्यांच्या स्लॅबची स्वतःची आंदोलनंही पुष्कळदा त्याच परिसरात असतात. शक्य असेल तर यंत्र तळमजल्यावर ठेवा. आरसा उंच पोस्टवर चढवलेला असेल तर तो उतरवून जाड, बुटक्या ठोकळ्यावर बसवा. एसीचं कॉम्प्रेसर, लेझरच्या चिलरची पाण्याची नळी आणि रफिंग पंप एकेक करून बंद करत प्रत्येक वेळी शंभर शॉट घ्या. चिलरची नळी टेबलाला टेकलेली असणं हे इतक्या वेळा आढळतं की पहिली नजर तिथेच टाकावी.

जमीन बदलता येत नसेल तर तिची थरथर मोजून वजा करता येते. आरशाच्या ठोकळ्याला ॲक्सेलरोमीटर घट्ट चिकटवा आणि पहिल्या पल्सपासून तिसऱ्या पल्सपर्यंतचं त्वरण १० किलोहर्ट्झने नोंदवा. त्याला त्रिकोणी वजन द्या: पहिल्या पल्सला शून्य, दुसऱ्याला टी, तिसऱ्याला पुन्हा शून्य. बेरीज करून तरंगसंख्येने गुणा. ही त्या शॉटची अंदाजित फेज. आता शॉटचं प्रमाण उभ्या अक्षावर आणि ही फेज आडव्या अक्षावर मांडा. विस्कटलेल्या ठिपक्यांतून फ्रिंज वर येते. ती धूसर आली तर सेन्सरचा विलंब तपासा. एक-दोन मिलीसेकंदांचा विलंब न धरल्यामुळे चांगली दुरुस्ती वाया जाते. वेगवेगळे विलंब घालून पाहा आणि ज्याला कॉन्ट्रास्ट सर्वांत जास्त येतो तो ठेवा.

थरथर शोधूनही विस्कटणं जात नसेल तर दोन रामन लेझरमधला फेज-लॉक (दोघांची फेज बांधून ठेवणारं सर्किट) पाहा. बीट नोट (दोघांच्या फरक-वारंवारतेचा सिग्नल) स्पेक्ट्रम ॲनालायझरवर लावा. मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना येणारे सर्व्होचे उंचवटे फुगलेले असतील तर गेन कमी करा. आणि डीडीएस चर्पच्या दरम्यान वारंवारता बदलताना फेज सलग ठेवतो की दर वेळी शून्यावर आणतो, ते मॅन्युअलमध्ये वाचा. शून्यावर आणणारी पद्धत निवडलेली असेल तर फेज शॉटगणिक कुठेही पडू शकते, आणि हे हिस्टोग्राममध्ये थेट थरथरीसारखंच दिसतं.

कॉन्ट्रास्ट खरंच पडला असेल तर: जिना चढा

हिस्टोग्राम अरुंद आहे, फेज सरकवूनही प्रमाण हलत नाही. आता दोष वेगळा काढायला तीन पायऱ्या, सगळ्या त्याच टीला.

पहिली, तेच तीन पल्स मायक्रोवेव्हने द्या. इथे अणूला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे वेग, आरसा, रामन लेझर काहीच आड येत नाही. इथेच कॉन्ट्रास्ट नसेल तर चुंबकीय क्षेत्र, गळणारा प्रकाश किंवा डिटेक्शन यांतलं काहीतरी आहे. दुसरी, एकाच दिशेने जाणारे रामन किरण. आता लेझरची तीव्रता आणि तिची असमानता आत आली, पण डॉप्लर अजून बाहेर आहे. तिसरी, समोरासमोरचे रामन किरण, म्हणजे खरा इंटरफेरोमीटर. ज्या पायरीवर कॉन्ट्रास्ट कोसळतो तिथे दोष. ही परीक्षा एका सकाळी होते, तरी लोक ती टाळून थेट तिसऱ्या पायरीवर आरसे फिरवत बसतात.

पहिल्या पायरीवरचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे गळका प्रकाश. एओएम (प्रकाश चालू-बंद करणारा, ध्वनीने चालणारा स्फटिक) बंद केला म्हणजे प्रकाश बंद झाला असं नाही, थोडासा पुढे जातोच, आणि १०० मिलीसेकंदांत अनुनादी प्रकाशाचा अंशही पुरतो. अणू एफ = १ मध्ये ठेवा, कोणताही पल्स देऊ नका, १०० मिलीसेकंदांनी एफ = २ मध्ये किती आले ते मोजा. आकडा वाढलेला असेल तर रीपंप (एफ = १ मधून अणू उचलणारा प्रकाश) गळतोय. उपाय यांत्रिक शटर. ते टेबलावर मात्र बसवू नका: बंद होताना त्याचा ठोका आरशापर्यंत पोचतो आणि एक दोष घालवताना दुसरा आत येतो. शटर छताला किंवा वेगळ्या चौकटीला टांगा.

दुसरा दोष म्हणजे एम-एफ = ० (चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ न जुमानणारी उपपातळी) खेरीज उरलेले अणू. त्यांची रामन रेषा दर गॉसला १.४ मेगाहर्ट्झने सरकते. बायस (मुद्दाम लावलेलं स्थिर चुंबकीय क्षेत्र) २० मिलीगॉस ठेवला तर ती २८ किलोहर्ट्झवर पडते आणि तुमच्या पल्सच्या रुंदीत अर्धवट सापडते. १०० मिलीगॉसला ती १४० किलोहर्ट्झवर जाते आणि व्यतिकरणातून बाहेर पडते. तरीही हे अणू भाजकात मोजले जातातच, म्हणून मायक्रोवेव्हने एम-एफ = ० निवडून बाकीचे एफ = २ ते ३ च्या प्रकाशाने उडवून टाका. क्षेत्राच्या उतारामुळे मात्र कॉन्ट्रास्ट सहसा जात नाही. दुसऱ्या क्रमाचा सरकाव ५७५ हर्ट्झ प्रति गॉस-वर्ग आहे, त्याने सगळ्या अणूंची फेज मिळूनच सरकते. ती धक्क्याची दिशा उलटवून, दोन मोजमापांची सरासरी घेऊन काढून टाकता येते.

दुसऱ्या पायरीवर कॉन्ट्रास्ट गेला तर ढग किरणापेक्षा मोठा झालाय. ढग १ मिलीमीटरचा सुटला आणि २ मायक्रोकेल्विनचा असला, तर १०० मिलीसेकंदांनी तो १.७ मिलीमीटरचा होतो. ५ मिलीमीटर त्रिज्येच्या गाऊसी किरणात त्या अंतरावर तीव्रता ७९ टक्के असते. चालवून घेता येतं. तोच ढग १० मायक्रोकेल्विनचा असला तर ३.२ मिलीमीटरचा होतो, कडेच्या अणूंना निम्म्याहून कमी तीव्रता मिळते आणि तिसरा पल्स त्यांच्यासाठी अर्धा पाय उरतच नाही. तपासायचं कसं: राबी आंदोलनाचा आलेख पहिल्या पल्सच्या जागी एकदा आणि तिसऱ्या पल्सच्या जागी एकदा काढा. दुसरा लवकर विझत असेल तर मोलॅसिस (लेझरने अणू थंड करण्याचा टप्पा) आणखी थंड करा किंवा किरण रुंद करा. किरणाची रुंदी दुप्पट केली की त्याच राबी वारंवारतेसाठी चौपट शक्ती लागते, तेव्हा आधी तापमान.

याच पायरीवर प्रकाशामुळे होणारा ऊर्जापातळ्यांचा सरकावही बघून घ्यावा. दोन मायक्रोवेव्ह अर्धा-पाय पल्सच्या मध्ये रामन किरण द्या, पण त्यांची फरक-वारंवारता रेझोनन्सपासून काही मेगाहर्ट्झ दूर ठेवा. रॅमसे फ्रिंज (या दोन मायक्रोवेव्ह पल्समुळे येणारी) सरकली तर दोन किरणांच्या तीव्रतेचं गुणोत्तर बदला. ती सरकायची थांबते ते गुणोत्तर तुमचं. पुस्तकातला आकडा घेऊ नका, तो डीट्यूनिंगवर (लेझर अणूच्या रेषेपासून किती दूर आहे त्यावर) अवलंबून असतो. डीट्यूनिंग १ गिगाहर्ट्झ असेल तर उत्स्फूर्त उत्सर्जनाने एका पाय-पल्सला एक-दोन टक्के अणू जातात. तेवढं सोसावं.

तिसरी पायरी: टायमिंग, आणि इथेच थोडं थांबा

समोरासमोरच्या किरणांवरच कॉन्ट्रास्ट जात असेल तर पहिला संशयित म्हणजे असमान मध्यंतर. पल्स जनरेटरमध्ये सुरुवातीच्या वेळा ०, टी, दोन टी अशा भरल्या जातात आणि पल्सची लांबी वेगळी टाकली जाते. दिसायला बरोबर. आता हिशेब करा: १०, २०, १० मायक्रोसेकंदांचे पल्स असतील तर पहिल्या दोघांमधला रिकामा वेळ टी वजा १०, पुढच्या दोघांमधला टी वजा २०. फरक १० मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात ११.८ मिलीमीटर प्रति सेकंदाने तरंगफलनाच्या दोन प्रती एकमेकींपासून ११८ नॅनोमीटर सरकलेल्या राहतात. २ मायक्रोकेल्विनच्या अणूची कलासंगती-लांबी सुमारे ५३ नॅनोमीटर. प्रती जुळतच नाहीत, आणि कॉन्ट्रास्ट मूळच्या ८ टक्क्यांवर येतो.

ही चूक लपते ती अशी. १०० मायक्रोसेकंदांच्या लांब पल्सने आधी वेग-निवड केली तर उरलेल्या अणूंचा वेगाचा पसारा सुमारे दहा पटींनी आकुंचन पावतो, कलासंगती-लांबी तेवढीच वाढते आणि त्याच १० मायक्रोसेकंदांच्या चुकीने कॉन्ट्रास्ट जेमतेम दोन टक्के घटतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कोणी सिग्नल वाढवायला वेग-निवड काढून टाकतो आणि फ्रिंजा जातात. मग दोष नव्या ढगाला दिला जातो. अशी चूक टीवर अवलंबून नसते, ५ मिलीसेकंदांनाही कॉन्ट्रास्ट तेवढाच पडतो. त्यामुळे वेग-निवड नसताना लहान टीलाच फ्रिंजा नसतील तर थेट टायमिंगकडे जा. परतीच्या आरशामागे फोटोडायोड ठेवून खरा प्रकाश ऑसिलोस्कोपवर पाहा, टीटीएल (नियंत्रणाचा विद्युत सिग्नल) पाहून काम होणार नाही. कडेपासून कडेपर्यंतचे दोन्ही रिकामे वेळ ०.१ मायक्रोसेकंदापर्यंत सारखे करा.

दुसरा संशयित, अणू पुरेसे पडण्याआधीच पहिला पल्स देणं. परतीच्या आरशामुळे वरचा आणि खालचा असे दोन धक्के एकाच वेळी हजर असतात, त्यांना डॉप्लरच वेगळं करतो. १० मिलीसेकंद पडल्यावर रेझोनन्स २५१ किलोहर्ट्झने सरकतो, तो पुरेसा आहे. २ मिलीसेकंदांनी फक्त ५० किलोहर्ट्झ, आणि तापमानाचा पसाराच ३५ किलोहर्ट्झचा. दोन्ही धक्के मिसळतात.

पृथ्वीचं फिरणं हा लोकांचा आवडता संशयित आहे, ५० मिलीसेकंदांना तो निर्दोष आहे. पुण्याच्या अक्षांशावर, १८.५ अंशांना, फिरण्याचा आडवा घटक ६९ मायक्रोरेडियन प्रति सेकंद. २ मायक्रोकेल्विनच्या ढगाला त्याने ५० मिलीसेकंदांत अर्धा टक्काही कॉन्ट्रास्ट जात नाही. १३० मिलीसेकंदांना साधारण १३ टक्के जातो, आणि २६० मिलीसेकंदांना मूळच्या जेमतेम ११ टक्के उरतो, कारण घातांकात टीचा चौथा घात आहे. तिथे आरसा पायझोवर (विजेने किंचित हलणाऱ्या स्फटिकावर) बसवून पृथ्वीच्या उलट फिरवावाच लागतो. गुरुत्वाच्या उताराचा परिणाम या सगळ्यापुढे नगण्य.

यंत्र स्वच्छ झालं, आता तरंगफलन

वर ज्याला चूक म्हटलं तेच आता उपकरण होतं. दुसरं मध्यंतर मुद्दाम ०, २, ४ असं २० मायक्रोसेकंदांपर्यंत दोन्ही बाजूंना बदला आणि प्रत्येक ठिकाणी कॉन्ट्रास्ट मोजा. प्रत्येक मायक्रोसेकंदाला प्रती ११.८ नॅनोमीटर सरकते. आलेल्या वक्राचं फूरिये रूपांतर म्हणजे संवेगाचं वितरण. रामन पल्सच्या वारंवारतेचा स्कॅन करून तेच वितरण वेगळ्या वाटेने मिळतं. दोन्ही जुळायला हवेत. कॉन्ट्रास्टचा वक्र शून्य असमानतेवर नसून बाजूला शिखर दाखवत असेल तर टायमिंगची चूक अजून शिल्लक आहे, आणि ती किती आहे हेही त्या शिखराची जागाच सांगते.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. औष्णिक ढगाला एकच तरंगफलन नसतं, मिळतं ते घनता-मॅट्रिक्सचं (अनेक तरंगफलनांच्या मिश्रणाच्या वर्णनाचं) माप. त्याची पूर्ण प्रतिमा हवी असेल तर अनेक दिशांनी मोजावं लागतं. कुर्टसीफर, फाउ आणि म्लिनेक यांनी १९९७ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला दोन फटींतून गेलेल्या हेलियम अणूंचं विग्नर फलन (जागा आणि संवेग यांचा एकत्रित नकाशा) याच विचाराने काढलं, आणि त्यात ऋण किमती स्पष्ट आल्या. फेजसकट एकच तरंगफलन हवं तर बोस-आइन्स्टाइन संघनित (सगळे अणू एकाच तरंगफलनात असलेला अतिथंड ढग) घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन-संस्थेमध्ये २००० साली ब्रॅग पल्स (अणूची आतली अवस्था न बदलता धक्का देणारे) वापरून सोडियमच्या संघनिताची फेज जागोजागी मोजली गेली: सापळ्यातून सोडल्यावर ती अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते.

संघनितावर नेहमी अडकवणाऱ्या जागा तीन.

पहिली, डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक फ्रिंजा. फेज वर्गाप्रमाणे वाढते म्हणून सरकवलेल्या प्रतीबरोबर सरळ, समान अंतराच्या फ्रिंजा येतात. रुबिडियम-८७ साठी, २० मिलीसेकंद प्रसरणानंतर, प्रती १ मायक्रोमीटर सरकवली तर फ्रिंजांमधलं अंतर ९२ मायक्रोमीटर. ५ मायक्रोमीटर सरकवली तर १८. कॅमेऱ्याचं प्रत्यक्ष विभेदन १० मायक्रोमीटर असेल तर दुसऱ्या प्रसंगी कॉन्ट्रास्ट घटलेला दिसणार, आणि तो घटवणारा कॅमेरा आहे. प्रमाण फक्त बेरजेने मोजलं, चित्र काढलंच नाही, तर फ्रिंजा पूर्ण पुसल्या जातात. नेहमी चित्र काढा, आणि सरकवणं ८५ मायक्रोसेकंदांच्या असमानतेपासून, म्हणजे १ मायक्रोमीटरपासून, सुरू करा.

दुसरी, दोन प्रती एकमेकींना ढकलतात. संघनित दाट असताना पल्स दिले तर या ढकलण्याने थोडा संवेग मिळतो आणि सापळ्यात सपाट असायला हवी अशी फेजही कललेली दिसते. एनआयएसटीच्या मोजमापातही हा परिणाम दिसला होता. प्रसरणाचा वेळ बदलून पाहा: हा भाग घनतेबरोबर बदलतो, खरी फेज प्रसरणाच्या सूत्राप्रमाणे. शिवाय ब्रॅगमध्ये दोन्ही बाहेर पडणारे ढग एकाच अंतर्गत अवस्थेत असतात, त्यांना केवळ अंतर वेगळं करतं. २० मिलीसेकंदांत ते २३६ मायक्रोमीटर दूर जातात. संघनित याहून रुंद असेल तर वाट आणखी बघा. ब्रॅगच्या दोन किरणांतला फरक स्थिर अणूसाठी १५.१ किलोहर्ट्झ असतो. सापळा सोडताना ढगाला लाथ बसत असेल तर हा आकडा सरकतो, तो दर सकाळी पुन्हा मोजावा.

तिसरी, चिन्ह. फ्रिंजांच्या चित्रावरून फेज उजवीकडे वाढते की डावीकडे ते कळत नाही, दोन्हींत चित्र सारखंच येतं. शेवटच्या पल्सची फेज ९० अंशांनी पुढे करून दुसरं चित्र घ्या. फ्रिंजा ज्या बाजूला सरकतात त्यावरून चिन्ह ठरतं. ०, ९०, १८० आणि २७० अशी चार चित्रं घेतली तर पार्श्वभूमीचा प्रकाश आणि ढगाची घनता दोन्ही बाजूला काढता येतात आणि प्रत्येक पिक्सेलवर फेजचा फरक मिळतो. मग मध्यापासून दोन्ही बाजूंना, एकेक सरकवणीएवढ्या अंतराने, हे फरक बेरजेत घेत जा. कडेला घनता शिखराच्या दहा टक्क्यांच्या खाली गेली की बेरीज थांबवा, कारण तिथला एक चुकलेला पिक्सेल पुढच्या सगळ्या बेरजेत चूक ओढत नेतो.